दीड तासावरचं बंगळूर



गेल्या आठवड्यात मंदिरातून परत येताना एक ओळखीच्या बाई भेटल्या. मुलाची बदली बंगळूरला झाली म्हणाल्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी स्वतःची समजूत घातली, "लांब नाही हो काही. विमानानं दीड तास. आपल्याला मुंबईला जायला त्याहून जास्त लागतो."

मी मान डोलावली आणि घरी आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण सहा वर्षं हेच वाक्य मीही सगळ्यांना ऐकवत होते. आमचा मुलगा बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो आणि आम्ही दोघं इथे पुण्यात सिंहगड रस्त्याला. कुणी विचारलं, "एकटेच असता का?" की माझं उत्तर तयार असायचं, "एकटे कसले? मुलगा दीड तासावर आहे." मागच्या जानेवारीपासून मी ते म्हणणं बंद केलं आहे. का, ते आज लिहिते.

त्या रात्री साधारण अकराला यांच्या छातीत दुखायला लागलं. आधी पित्त वाटलं. मग घाम फुटला आणि डावा हात जड पडला. मी मुलाला फोन लावला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तो म्हणाला, "आई, घाबरू नकोस. मी निघालोच. दीड तासात पोचतो." त्याच्याही तोंडून तेच आलं. खरं सांगते, त्या क्षणी मला धीरही आला. वाटलं, एक वाजेपर्यंत हा दारात उभा असेल.

पण एक वाजता दारात कुणी नव्हतं. मी दवाखान्यात होते आणि यांना आत नेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या मुलानं आम्हाला गाडीत घालून वीस मिनिटांत पोचवलं होतं. कागदावर सही मी केली. विम्याचं कार्ड मागितलं तेव्हा मी गोंधळले, कारण ते सगळं मुलगाच मोबाइलवर बघतो. त्यानं तिकडून फोटो पाठवला. तेवढं मात्र क्षणात पोचलं.

मुलाला त्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली नाही. सकाळी ५.५० चं तिकीट मिळालं. तीनला तो घरातून निघाला, सव्वाचारला विमानतळावर पोचला. देवनहळ्ळीचा विमानतळ जानेवारीत पहाटे धुक्यात बुडतो, हे तिकडे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. विमान सुटायला ७.५५ झाले, पुण्याला टेकलं तेव्हा ९.२५. तो दवाखान्यात आला तेव्हा घड्याळात दहा पन्नास. तोवर यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसून कित्येक तास झाले होते आणि हे शांत झोपले होते. मुलगा पलंगाशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, मी दीड तास म्हणालो होतो."

त्याचा चेहरा मला बघवला नाही. खोटं तो बोलला नव्हता. विमान हवेत होतं ते दीडच तास. पण सव्वाअकरा ते दहा पन्नास म्हणजे अकरा तास पस्तीस मिनिटं. त्यात विमानाचा दीड तास म्हणजे आठव्या हिश्श्याहून थोडा जास्त. बाकीचे दहा तास कुठल्या खात्यात लिहायचे?

मी सांगलीची. माझ्या वडिलांचं हळदीच्या पेठेत दुकान होतं. बी.कॉम.ला मी कॉस्टिंग शिकले ते पुस्तकात, पण खरं शिकले दुकानाच्या गादीवर. शेतकऱ्याच्या खळ्यावरचा भाव एक असतो. त्यावर हमाली, तोलाई, बारदान, ट्रकचं भाडं, वाटेतली तूट चढते आणि मग जो आकडा येतो, त्याला वडील पडतळ म्हणायचे. नवीन पोरगा खळ्यावरचाच भाव धरून सौदा करायला लागला की ते म्हणायचे, "हा पेठ बुडवणार." आपण विमानाच्या बाबतीत नेमकं तेच करतो. खळ्यावरचा भाव धरतो आणि घरपोच सौदा करतो.

म्हणून यांना घरी आणल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आणीबाणीचा नाही, साध्या दिवसाचा. मुलाच्या दारापासून आमच्या दारापर्यंत:

इलेक्ट्रॉनिक सिटी ते देवनहळ्ळी, पन्नासहून अधिक किलोमीटर: १ तास ४५ मिनिटं
विमानतळावर आधी पोचणं, रांगा, तपासणी: १ तास ४५ मिनिटं
विमान: १ तास ३५ मिनिटं
उतरून सामान घेऊन बाहेर येणं: ३५ मिनिटं
लोहगाव ते सिंहगड रस्ता: १ तास ५ मिनिटं

बेरीज पावणेसात तास. विमानाचा वाटा त्यात पाव हिस्सासुद्धा नाही. आणि हे सगळं सुरळीत झालं तर. आपल्याकडे जावयांना आणि विमानांना उशीर झाला तर विचारायची सोय नसते.

आता विमानाला दोष द्यायचा नाही. त्याचं काम ते चोख करतं. पुणे ते बंगळूर पक्ष्यासारखं सरळ गेलं तर सुमारे ७२० किलोमीटर भरतं. रस्त्यानं सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर करत गेलं तर सुमारे ८४०. विमान वर गेल्यावर तासाला आठशेच्या आसपास जातं, म्हणजे नुसतं अंतर काटायला त्याला एक तासही लागत नाही. बाकीचा वेळ चढायचा, उतरायचा आणि जमिनीवर सरपटायचा. तिकिटावरचा वेळ विमान जागचं हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. आपल्या दाराचा आणि त्या वेळेचा काही संबंध नाही. तसं तिकीट कधी म्हणतही नाही. म्हणतो आपण.

पूर्वी हे अंतर किती होतं, तेही सांगते. माझी अक्का १९७८ साली लग्न होऊन बंगळूरला गेली. सांगलीहून मिरजेला जायचं, तिथे मोठ्या रुळाची गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत बसायचं आणि रात्रभर हलत-डुलत जायचं. नव्वदच्या दशकात रूळ मोठे झाले, तोवर हेच. एकदा भावजी अचानक आजारी पडले. तार आली. आईवडील निघाले ते दुसऱ्या दिवशी पोचले. तोवर अक्काच्या शेजारच्या कानडी बाईंनी दोन्ही मुलं स्वतःकडे ठेवली होती. कांदा-लसूण न घालता, दिवे लागायच्या आत स्वयंपाक करून मुलांना जेवायला घातलं होतं. कुणी सांगावं लागलं नाही, कारण चार वर्षांत त्यांना या घरची रीत पाठ झाली होती.

हे मी "जुनं ते सोनं" म्हणून सांगत नाही. ती रात्र आईनं कशी काढली ते मी पाहिलं आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की अक्काला ठाऊक होतं आपलं माहेर लांब आहे. म्हणून तिनं पहिल्या महिन्यापासून शेजार जोडला. आम्हाला वाटलं मुलगा जवळ आहे, म्हणून आम्ही काहीच जोडलं नाही. खालच्या वहिनी त्या रात्री धावल्या तो त्यांचा चांगुलपणा. सहा वर्षांत मी त्यांना दोनदा तिळगूळ आणि एकदा दिवाळीचा फराळ दिला होता, एवढाच आमचा व्यवहार. त्यांचा नंबरही माझ्याकडे नव्हता. मी चपला न घालता जिना उतरले आणि त्यांचं दार वाजवलं. त्या गावाला गेल्या असत्या तर?

माझं म्हणणं इतकंच आहे. जे लांब आहे असं माहीत असतं, त्याची आपण तजवीज करतो. जे लांब असून जवळ वाटतं, ते घात करतं.

आपल्या धर्मात यावर फार बारकाईनं विचार केलेला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना मी अमुक ठिकाणापर्यंतच जाईन, त्यापलीकडे नाही, अशी जन्मभराची मर्यादा. त्यातच देशव्रत, म्हणजे त्या मोठ्या मर्यादेच्या आत आजच्यापुरती, या महिन्यापुरती आणखी लहान मर्यादा. माझ्या सासूबाईंनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला सम्मेद शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. बंगळूर त्या हद्दीच्या आतच येतं! लग्न होऊन आले तेव्हा मला हे गमतीचं वाटायचं. ज्या बाई वर्षातून दोनदा माहेरी जातात, त्यांना गिरनारपर्यंतची हद्द कशाला हवी?

आता कळतं. हे व्रत पाय बांधून ठेवण्यासाठी नाही. आपली पोच कुठवर आहे हे स्वतःशी एकदा स्पष्ट करून घेण्यासाठी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. वरच्या, खालच्या आणि आडव्या दिशेची मर्यादा ओलांडणं हे तीन. चौथा क्षेत्र वाढवून घेणं. आणि पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरून जाणं. वरच्या दिशेच्या मर्यादेचं मला पूर्वी हसू यायचं, माणूस वर कुठे जाणार म्हणून. आता दहा किलोमीटर उंचीवर बसून आपण चहा पितो. पण मला जास्त लागतो तो पाचवा. आम्ही व्रत घेतलेलं नव्हतं, पण दोष तोच घडला. आपली पोच किती, हेच विसरलो.

आपले मुनी महाराज आणि आर्यिका माताजी पायी विहार करतात. रोजचे वीस किलोमीटर धरले, तर पुणे ते बंगळूर बेचाळीस दिवस, आणि चातुर्मास लागला तर जिथे आहेत तिथेच मुक्काम. त्यांच्या एका पावलातही अंतराची फसगत नाही. आपण संसारी माणसं, आपण विमानानं जाणारच. पण गेलो तरी अंतर पुसलं जात नाही. याचा दाखला मला जेवणाच्या ताटावर मिळतो. मी रात्री जेवत नाही. मे-जूनमध्ये बंगळूरला सूर्य पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो, कारण ते गाव पूर्वेलाही आहे आणि दक्षिणेलाही. डिसेंबरात मात्र फरक जेमतेम चार-पाच मिनिटांचा. पहिल्यांदा गेले तेव्हा पुण्याच्या सवयीनं निवांत राहिले आणि ताट वाढेपर्यंत बाहेर अंधारून आलं. उपाशी झोपले. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य आपला हिशोब सोडत नाही. आता दुपारचं विमान असेल तर लोहगावलाच साडेचारला डब्यातली दशमी आणि चटणी खाऊन घेते.

हे सगळं मी आमच्या यांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तू विमानावर उगाच घसरतेस. विमान नसतं तर तो गाडीनं आला असता. चौदा तास." बरोबर आहे. रात्री साडेअकराला गाडी काढली असती तर दुपारी दीड वाजला असता, आणि रात्रभर जागून घाट-हायवेवर गाडी चालवणाऱ्या मुलाची काळजी वेगळी. रेल्वेनं तर वीस-एकवीस तास. शिवाय माझे वडील गेले तेव्हा माझा भाऊ दिल्लीहून विमानानं आला म्हणूनच त्याला शेवटचं दर्शन झालं. विमानाचे उपकार मी विसरलेली नाही. पण उपकार वेगळे आणि भरवसा वेगळा. पाहुणा म्हणून विमान उत्तम आहे. त्याला घरातला कर्ता माणूस समजू नये.

दुसरं, काही जणी म्हणतील, मग मुलांनी परगावी नोकऱ्या करूच नयेत का? मी असं म्हणत नाही. आमच्या सूनबाईंचे आईवडील इंदूरला आहेत. मुलगा आमच्याकडे यावा असा हट्ट मी धरला, तर त्या माउलीनं कुणाकडे बघायचं? मुलांना ओढून आणून हा हिशोब जुळत नाही. त्यांच्या मनाला टोचणी लावून तर मुळीच नाही. आणि आम्ही उठून बंगळूरला जावं, तर इथलं मंदिर, इथली माणसं, यांचा फिरायचा कट्टा, हे सगळं सोडावं लागेल. तेही आज मनाला पटत नाही. उद्या पटेल कदाचित. पण तो निर्णय पावणेसात तास समोर ठेवून घ्यायचा, दीड तास समोर ठेवून नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. यात मोठं असं काहीच नाही.

खालच्या वहिनींकडे आमच्या घराची किल्ली आहे आणि त्यांची आमच्याकडे. त्यांचा, त्यांच्या मुलाचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावला आहे. १०८ सुद्धा, कारण घाईत तोही आठवत नाही. विम्याची कागदं, आधारच्या प्रती, यांच्या औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका पिवळ्या फाइलीत, देवघराच्या खालच्या कप्प्यात. त्याची एक प्रत मुलाच्या मोबाइलवर आहेच, पण मोबाइल त्याचा आहे आणि छाती यांची. छातीच्या दुखण्यात पहिल्या तासाला फार मोल असतं. तो तास मुलाच्या वाट्याला येऊ शकत नाही, तो शेजाऱ्याच्याच वाट्याला येतो. म्हणून शेजारी जपायचा. आता दर महिन्याला आमचं एकमेकींकडे जाणं-येणं असतं. पर्युषणात त्या आवर्जून माझ्यासोबत मंदिरात आल्या होत्या, आणि मी त्यांच्या गणपतीला.

जाण्यायेण्याची पद्धतही बदलली. पूर्वी मुलगा शनिवारी सकाळी यायचा आणि रविवारी संध्याकाळी निघायचा. जाऊन-येऊन साडेतेरा तास वाटेत आणि घरात जेमतेम दीड दिवस, तोही अर्धा झोपेत. "जवळच आहे, परत येईन" म्हणून महिनोन् महिने तो दीड दिवसही व्हायचा नाही. आता वर्षातून तीनदा येतो, पण आठ दिवस राहतो आणि इथूनच लॅपटॉपवर काम करतो. आम्ही वर्षातून एकदा जातो, पंधरा दिवसांसाठी, आणि यांची तब्येत चांगली असली की रेल्वेनं. दुपारी पुण्याला बसलं की सकाळी बंगळूर. वाटेत सोलापूर येतं, वाडी येतं, भाषा बदलते, माती बदलते. उतरल्यावर आपण लांब आलो आहोत हे शरीराला समजलेलं असतं आणि दोन दिवसांत परत फिरावंसं वाटत नाही. अक्का अजून तिथेच आहे. तिच्याकडेही चार दिवस राहणं होतं.

परवा मुलाचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं म्हणे, "पेरेंट्स कुठे असतात?" तो म्हणाला, "पुण्याला. सात तासांवर." समोरचा चक्रावला, "अरे, फ्लाइट तर दीड तासाची आहे!" मुलगा मला सांगत होता, "आई, मी त्याला तुझं वहीचं पान पाठवलं."

त्या मंदिरातल्या बाईंनाही मी पुढच्या रविवारी घरी बोलावलं आहे. त्यांच्या मुलाचं घर बंगळूरच्या कुठल्या भागात आहे ते आधी विचारणार आहे, कारण बेरीज तिथूनच सुरू होते. आणि त्यांच्या शेजारी कोण राहतं, तेही.

तुम्हीही आज रात्री पाच मिनिटं काढा. वहीचं मागचं पान घ्या आणि तुमचं माणूस ज्या गावी आहे, त्याच्या दारापासून तुमच्या दारापर्यंतची बेरीज करा. आकडा मोठा आला तर घाबरू नका. तो आकडा आधीपासून तेवढाच होता.

जय जिनेंद्र.